वाढत जाणारी हाक

पॅथॉलॉजी लॅबचा कागद हातात पडला की नजर आधी आकड्यावर जाते. ‘एफएसएच : ११.८’. पुढे मोजण्याचं एकक, एमआययू प्रति मिली. आणि त्याच्या उजवीकडे बारीक टायपात, बहुतेक जण वाचतच नाहीत अशा ओळी : पाळीचा पूर्वार्ध, ३.५ ते १२.५, अंडं सुटण्याच्या सुमारास, ४.७ ते २१.५, पाळीचा उत्तरार्ध, १.७ ते ७.७, पाळी गेल्यानंतर, २५.८ ते १३४.८; पुरुष, १.५ ते १२.४. लॅबगणिक, यंत्रागणिक हे आकडे थोडेफार बदलतात.

हा ११.८ तीस वर्षांच्या बाईच्या रक्तात पाळीच्या चौदाव्या दिवशी सापडला, तर त्यात विशेष काहीच नाही. तिच्याच रक्तात तो तिसऱ्या दिवशी सापडला, तर लॅबच्या हिशेबाने तो ‘नॉर्मल’च, पण ती मूल व्हावं म्हणून उपचार घेत असेल तर तिचे डॉक्टर तो कागद दोनदा वाचतील. सत्तेचाळिशीतल्या, पाळी मागेपुढे होऊ लागलेल्या बाईत तो अगदी अपेक्षित. सात वर्षांच्या मुलीत सापडला तर पुढच्या तपासण्या कराव्याच लागतील. आणि ज्याच्या वीर्यात शुक्रजंतू दिसत नाहीत अशा पुरुषात तोच आकडा सुचवतो, की अडचण बहुधा वाटेत नाही, शुक्रजंतू तयार होतात त्या जागीच आहे. आकडा एक, अर्थ पाच. वय, दिवस आणि पलीकडून येणारं उत्तर माहीत असल्याशिवाय एफएसएचचा आकडा वाचताच येत नाही, हे या प्रकरणाचं मुख्य म्हणणं. तरीही तो तसाच वाचला जातो, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा बाईला मोजावी लागते.

मेंदूच्या तळाशी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्या पुढच्या भागातून एफएसएच हे हॉर्मोन रक्तात येतं आणि बाईत अंडाशयापर्यंत, पुरुषात वृषणापर्यंत पोचतं. त्याचं वागणं समजायला एक रोजचं चित्र पुरेसं आहे. दिवेलागणीला आई दारात उभी राहून खेळणाऱ्या मुलाला हाक मारते. त्याने ओ दिली की तिचा आवाज खाली येतो. ओ आली नाही की तो चढत जातो. एफएसएच ही मेंदूची हाक आहे. अंडाशयातल्या वाढणाऱ्या फॉलिकलमधून, म्हणजे अंडं ज्या पिशवीत पिकतं त्या पिशवीतून, दोन उत्तरं परत जातात : इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन. ती पोचली की पिट्युटरी आवाज कमी करते. म्हणून एफएसएच चढलं याचा अर्थ ताकद वाढली असा नाही. अंडाशयाकडून येणारी ओ क्षीण झाली, असा आहे. ‘हॉर्मोन वाढलंय’ हे वाक्य ऐकून ते कमी करायच्या गोळ्या मागणारी माणसं बरीच भेटतात. हाक दाबून ओ मिळत नाही.

पिट्युटरी तरी हाक आपणहून मारते का? नाही. तिच्या वर हायपोथॅलॅमस बसलेला आहे, आणि तो जीएनआरएच नावाचं रसायन ठरावीक अंतराने, ठोक्याठोक्याने सोडतो. अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट नोबिल यांनी १९७०च्या दशकात माकडांवर दाखवून दिलं, की हे रसायन तासाला एकदा ठोक्याने दिलं तर पिट्युटरी काम करते. तेच अखंड धारेने दिलं तर ती गप्प होते. ठोके संथ असतील तर एफएसएचचं पारडं जड राहतं, जलद झाले तर त्याचं जोडीदार हॉर्मोन एलएच वरचढ होतं. पीसीओएस असलेल्या अनेक मुलींच्या रिपोर्टात एलएच चढलेलं आणि एफएसएच साधारणच दिसतं, त्यामागे हेच जलद ठोके असतात. जीएनआरएच शोधून काढणाऱ्या गियेमँ आणि शॅली यांना १९७७चं नोबेल मिळालं. त्याच पारितोषिकात रोझलिन यॅलो यांचाही वाटा होता. रक्तातली अतिसूक्ष्म हॉर्मोनं मोजण्याची पद्धत त्यांनी घडवली. ती नसती तर आपल्या हातात हा कागदच नसता.

हाक जन्माच्या खूप आधी सुरू होते. आईच्या पोटात वीस आठवड्यांच्या आसपास मुलीच्या अंडाशयात साठ-सत्तर लाख अंडी असतात. तिच्या आयुष्यातला हा सर्वात मोठा साठा. त्याच सुमाराला गर्भाच्या रक्तात एफएसएचही भरपूर असतं, आणि मुलीत मुलापेक्षा जास्त. पुढे वारेतून येणारं इस्ट्रोजेन ते दाबून टाकतं. बाळ जन्मतं, वार तुटते, आणि तो दाब एकदम उठतो. मग पुढचे काही महिने बाळाच्या शरीरात एक छोटी पौगंडावस्था चालते. वैद्यकात तिला ‘मिनी प्युबर्टी’च म्हणतात. मुलग्यात ती साधारण सहा महिन्यांत ओसरते. मुलीत एफएसएच दोन-तीन वर्षांपर्यंत थोडं चढलेलं राहू शकतं. त्या वयात एखादीच्या छातीला हलकीशी गाठ लागते आणि घरदार घाबरतं. बहुतेकदा ती आपोआप विरते. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवावं, एवढंच. नवजात बाळाच्या छातीला येणारी सूज मात्र मुख्यतः आईच्या हॉर्मोनांची असते. ती पिळून ‘दूध काढायची’ पद्धत आपल्याकडे अजून काही घरांत आहे. तिने बाळाला जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकतो. ती बंदच व्हायला हवी.

त्यानंतर येतं बालपणाचं शांत दशक. एफएसएच अगदी तळाला. इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा शांतपणा अंडाशयाने ओ दिल्यामुळे आलेला नसतो. मेंदूच हाक आवरून धरतो. याचा पुरावा टर्नर सिंड्रोमच्या मुलींनी दिला. त्यांच्यात एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अंशतः नसतं आणि अंडाशय बहुधा काम करत नाहीत, म्हणजे ओ देणारं कुणी नाहीच. अशा मुलींचं एफएसएच पहिल्या काही वर्षांत खूप चढलेलं असतं, दहाच्या पुढे पुन्हा झपाट्याने चढतं. पण मधल्या काळात, साधारण पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान, ते खाली येतं, कित्येकींत इतर मुलींइतकंच साधं दिसतं. सात वर्षांच्या बुटक्या मुलीचं एफएसएच नॉर्मल आलं म्हणून ‘टर्नर नाही’ असं म्हणता येत नाही, ते यामुळे. तिथे गुणसूत्रांची तपासणीच करावी लागते.

मग मेंदू लगाम सोडतो. सुरुवात रात्री, झोपेत होते; हाकेचे ठोके आधी फक्त निजेत पडतात, पुढे दिवसाही. मुलीला पदर येतो, मुलाला मिसरूड फुटतं. घरच्यांना दिसायच्या बऱ्याच आधी हे रक्तात सुरू झालेलं असतं. आठ वर्षांच्या आत मुलीची छाती किंवा नऊच्या आत मुलाचे वृषण वाढू लागले, तर त्याला अकाली वयात येणं म्हणतात. नोबिल यांच्या माकडांवरचा धडा इथे कामी येतो : जीएनआरएचसारखं औषध अखंड राहील अशा इंजेक्शनाने दिलं की पिट्युटरी गप्प होते आणि मुलीला तिचं बालपण काही वर्षं परत मिळतं.

वयात आलेल्या बाईच्या शरीरात दर महिन्याला जे घडतं, ते मला या सगळ्या कथेतलं सर्वात देखणं वाटतं. पाळीचं चक्र सरत येतं तसं इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन उतरतं, आणि पाळी येण्याच्या एक-दोन दिवस आधीच एफएसएच चढू लागतं. त्या हाकेला अनेक फॉलिकल एकदम जागे होतात. त्यातला एखादा इतरांपेक्षा थोडा पुढे असतो. तो इस्ट्रोजेन सोडू लागतो, आणि त्या उत्तराने एफएसएच उतरतं. उतरलेल्या एफएसएचवर बाकीच्यांना तग धरता येत नाही, ते सुकतात. पुढे गेलेला तेवढा टिकतो, कारण कमी एफएसएचवर वाढायची क्षमता त्याच्यात आता आलेली असते. मधोमध एलएचचा मोठा आणि एफएसएचचा छोटा उसळा येतो, अंडं सुटतं. साठ-सत्तर लाखांच्या साठ्यातून वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरलेले असतात. सुटायची पाळी येते ती जेमतेम चारशेंवर. बाकी सगळे असेच सुकून जातात.

‘एफएसएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच करा’ या सूचनेचं कारण यातच आहे. त्या दिवशी हाक ऐन भरात असते आणि ओ अजून आलेली नसते. मात्र त्याच दिवशी इस्ट्रॅडिओल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, तपासलं नाही तर हा आकडा फसवू शकतो. वय वाढलेल्या बाईत कधी कधी एखादा फॉलिकल आधीच्या पाळीतच घाईने वाढायला लागलेला असतो. त्याच्या इस्ट्रोजेनने एफएसएच दबतं, रिपोर्टात सहा-सात असा सुंदर आकडा येतो, आणि खरी स्थिती लपून राहते. शेजारी इस्ट्रॅडिओल ८० पिकोग्रॅमच्या वर दिसलं की जाणता डॉक्टर त्या सुंदर आकड्यावर विसंबत नाही. केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतलं बायोटिनही काही यंत्रांना चकवतं आणि एफएसएच आहे त्यापेक्षा कमी दाखवतं. गर्भनिरोधक गोळ्या तर ते खरोखरच दाबतात. लॅबवाल्याने विचारलं नाही तरी हे आपण सांगायचं.

पस्तिशीनंतर फॉलिकल कमी होत जातात. त्यांतल्या लहानग्यांकडून येणारं इन्हिबिन बी आधी घटतं, इस्ट्रोजेन बरीच वर्षं टिकून असतं. म्हणून पाळी अगदी नियमित असतानाच तिसऱ्या दिवसाचं एफएसएच हळूहळू वर सरकतं. पाळी अठ्ठावीसची पंचवीस-सव्वीस दिवसांवर येते. चढलेल्या हाकेला कधी एकाऐवजी दोन फॉलिकल उठतात. दोन अंड्यांपासून होणारी जुळी पस्तीस ते चाळीस या वयात सर्वाधिक होतात, त्याचं हे एक मोठं कारण.

इथेच बायकांवर सर्वात जास्त अन्याय होतो. चौतीस वर्षांच्या बाईचं एफएसएच १३ आलं की ‘तुला आता मूल होणार नाही’ असं कुणीतरी बोलून जातं. या आकड्याचा अर्थ एवढाच, की साठा कमी आहे आणि टेस्ट ट्यूब बेबीसाठी इंजेक्शनं दिली तर अंडी कमी मिळतील. अंड्याचा दर्जा मुख्यतः वयावर ठरतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये तीस ते चव्वेचाळीस वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० स्त्रियांचा अभ्यास झाला. २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांचं एफएसएच चढलेलं होतं, त्यांना नैसर्गिकपणे दिवस राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं नाही. हा अभ्यास प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाच्या टेबलावर असावा असं मला वाटतं. आणखी एक : एफएसएच पाळीगणिक वरखाली होतं. एकदा १३ आणि पुढच्या वेळी ८ आलं, तर पहिलं पुसलं जात नाही. पण घाबरून ‘८ येईपर्यंत थांबू’ यालाही अर्थ नाही. त्यात हातातले महिने जातात.

चाळिशीच्या आत पाळी महिनोन्महिने थांबली आणि एफएसएच २५च्या वर आलं, तर ती गोष्ट वेगळी. शंभरात एखाद्या बाईत अंडाशय इतक्या लवकर थकतात. तिला हॉर्मोनचे उपचार मिळाले नाहीत तर हाडं आणि हृदय दोन्हींना धोका असतो. ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणून घरी बसायचं नाही.

पाळी जाण्याचं सरासरी वय भारतात साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीस, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्न. त्याआधीची दोन-चार वर्षं एफएसएच कधी ४०, पुढच्या महिन्यात ९, असं हेलकावे खातं. म्हणूनच पंचेचाळीसच्या पुढच्या बाईत, गरम वाफा येत असतील आणि पाळी मागेपुढे होत असेल, तर पाळी जायला आली हे ठरवायला एफएसएच करू नये, असं ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था २०१५पासून सांगते. बाई स्वतः सांगते आहे ते पुरेसं असतं. मात्र पाळी चुकली तर आधी दिवस राहिलेत का ते पाहावं, चव्वेचाळिशीतही राहतात. अखेर अंडाशयात हजारभर अंडी उरली की पाळी थांबते. एफएसएच पूर्वीच्या दहा-पंधरा पट होतं, काही वर्षं तिथेच राहतं आणि मग वयानुसार सावकाश थोडं उतरतं.

एक प्रसंग असा आहे जिथे ही तपासणी खरोखर अडलेलं उत्तर देते : गर्भपिशवी काढलेली बाई. तिला पाळी येत नाही, त्यामुळे अंडाशय चालू आहेत की थांबले हे बाहेरून कळत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न २०१९मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ब्याऐंशी हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यांतल्या अनेक जणी चाळिशीच्या आतल्या. फडावर एक खाडा झाला तरी मुकादम पैसे कापणार, पाळीत फडक्याची सोय नाही, पाण्याची नाही. पांढरं जाण्याची तक्रार घेऊन गेलं की ‘कॅन्सर होईल’ म्हणून भीती घातली जाणार. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले गेले असतील, तर काही दिवसांत एफएसएच चढायला लागतं आणि महिन्याभरात साठीच्या बाईइतकं होतं. तिशीच्या शरीराला इस्ट्रोजेन मिळत नाही. सांधे दुखतात, हाडं झिजतात, झोप उडते, आणि कोयता तर चालवायचाच असतो. अंडाशय ठेवले असतील तरी ते काहीसे लवकर थकतात. अशा बाईच्या हातात आपलं काय काढलं आणि काय ठेवलं याचा कागद असायलाच हवा, आणि नसेल तर एफएसएच आणि इस्ट्रॅडिओल या दोन तपासण्या सरकारी रुग्णालयात तिला फुकट मिळायला हव्यात.

पुरुषात पाळी नाही म्हणून दिवसाची भानगड नाही. वृषणातल्या सर्टोली पेशी शुक्रजंतूंना वाढवतात, एफएसएच त्यांनाच हाक मारतं आणि त्याच इन्हिबिनची ओ देतात. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण चौऱ्याहत्तर दिवस लागतात. वीर्यात शुक्रजंतू शून्य, वृषणांचा आकार नेहमीचा आणि एफएसएच ४ असेल तर उत्पादन चालू असून वाट बंद असण्याची शक्यता मोठी. शस्त्रक्रियेने कित्येकांचा मार्ग मोकळा होतो. तेच २५ असेल तर उत्पादनच ढासळलेलं आहे. वयात आल्यावर झालेले गालगुंड, क्लाइनफेल्टर सिंड्रोम, केमोथेरपी अशी कारणं शोधावी लागतात. आणि एफएसएच जवळपास शून्य आलं तर मेंदू हाकच मारत नाही. धष्टपुष्ट तरुणात असं दिसलं तर जिममध्ये स्टिरॉइडची इंजेक्शनं घेतली का, हे त्याला एकट्याला विचारायचं. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने मेंदूची समजूत होते की भरपूर ओ येतेय. तो गप्प होतो आणि शुक्रजंतू बंद पडतात. इंजेक्शनं सोडली की बहुतेकांचे परत येतात, पण कित्येक महिने जातात.

या हॉर्मोनचं औषध कुठून आलं, तीही हकीकत सांगण्यासारखी आहे. पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीत हे हॉर्मोन विपुल असतं. इटलीत पिएरो दोनिनी यांनी ते वेगळं काढलं, पण औषध करायला लघवी हवी होती ढीगभर, आणि तीही अशा बायकांची ज्यांना दिवस राहिले असण्याची शंकाच नाही. मग ख्रिस्ती मठांतल्या वृद्ध जोगिणींची लघवी गोळा करण्यात आली. इस्रायलमध्ये ब्रूनो लुनेनफेल्ड यांनी ते औषध वापरलं आणि १९६२मध्ये त्यातून पहिलं बाळ जन्मलं. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी असंच औषध देऊन ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेल्या ‘दुर्गा’ या टेस्ट ट्यूब बाळासाठी अंडी मिळवली. त्यांना तेव्हा कुणी मानलं नाही. १९८१मध्ये त्यांनी जीव दिला. मुंबईत परळला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला. देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून ती नोंदली गेली. पुढे आनंदकुमार यांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रं वाचली आणि १९९७मध्ये, पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असं जाहीरपणे सांगितलं. आपल्या नावावरचा मान असा देऊन टाकणारा वैज्ञानिक मराठी वाचकाला माहीत असायला हवा. आज हे हॉर्मोन प्रयोगशाळेत, जनुक घातलेल्या पेशींपासूनही बनतं.

तुमच्या घरात ही तपासणी व्हायची असेल तर लॅबच्या फॉर्मवर पाळीचा कितवा दिवस ते लिहा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या लिहा, आणि जुने रिपोर्ट टाकून न देता सोबत न्या. आणि मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू करणार असाल, तर सुनेचा हात सुईपुढे करण्याआधी किंवा निदान त्याच आठवड्यात मुलाची वीर्यतपासणी करून घ्या. ती स्वस्त आहे, वेदना होत नाहीत, आणि अनेक जोडप्यांत उत्तर तिथेच सापडतं.